जुन्या पीसीवर जीटीए फाईव्ह अडकतोय? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी ही एक टेस्ट करा

साताऱ्याहून महाबळेश्वरला जायचा एक रस्ता मेढा, केळघर करत जातो. मेढा हे जावळी तालुक्याचं ठिकाण. इथल्या बऱ्याच घरातलं कुणी ना कुणी मुंबईला कामाला असतं, कुणी माथाडीत, कुणी ऑफिसात. मग कधीतरी तिकडच्या ऑफिसने काढून टाकलेला एखादा डेस्कटॉप स्वस्तात मिळतो आणि पोरांसाठी गावाकडे येतो. कॉलेजचा अभ्यास, ऑनलाईन फॉर्म, टॅली शिकायचंय अशी कारणं असतात. पण त्या पीसीवर पहिल्या आठवड्यात काय टाकलं जातं, हे वेगळं सांगायला नको.

व्हाईस सिटी मस्त चालतो. सॅन अँड्रियासही चालतो. मग जीटीए फाईव्ह टाकला जातो आणि खेळ बिघडतो. गाडी वळणावर येते, स्क्रीन अर्धा सेकंद थिजते आणि पुढच्या क्षणाला गाडी खांबाला धडकलेली असते. मित्र येऊन निकाल देतात, "पीसीत दम नाही, ग्राफिक्स कार्ड टाक." मुंबईच्या काकांना फोन जातो.

इथेच पैसे वाया जायची शक्यता सगळ्यात जास्त असते. ऑफिसचे ते छोटे, आडवे ठेवायचे डबे असतात ना, त्यांत नेहमीच्या उंचीचं कार्ड बसतच नाही. बसलं तरी आतल्या पॉवर सप्लायला त्या कार्डसाठी लागणारी जादा वायर नसते. आणि हे सगळं जुळलं तरी एक प्रश्न उरतोच, गेम अडकत होता तो ग्राफिक्समुळेच अडकत होता का?

थोडं मागे जाऊ. जीटीए फाईव्ह कन्सोलवर आला 2013 मध्ये आणि पीसीवर 14 एप्रिल 2015 ला. कंपनीने पीसीसाठी किमान गरज सांगितली होती ती अशी: इंटेलचा कोअर टू क्वाड क्यू 6600 प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 1 जीबी मेमरीचं एनव्हिडियाचं 9800 जीटी कार्ड. यातला प्रोसेसर 2007 चा, कार्ड 2008 चं. म्हणजे गेम बाजारात आला तेव्हाच सात-आठ वर्षं जुन्या मशीनवर तो चालावा अशी सोय ठेवलेली होती. 2012 च्या आसपासचा कोअर आय फाईव्ह या प्रोसेसरपेक्षा बराच पुढचा आहे. तेव्हा तुमचा पीसी अगदीच भंगार नाही.

फक्त एक बघून घ्या. मार्च 2025 मध्ये याच गेमची एनहान्स्ड नावाची नवी आवृत्ती पीसीवर आली. ती नव्या हार्डवेअरसाठी आहे आणि एसएसडीही मागते. जुनी आवृत्ती आता लेगसी या नावाने मिळते. जुन्या पीसीवर लेगसीच टाकायची. चुकून दुसरी उतरवली असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

आता "स्मूद" म्हणजे नक्की काय? सगळे एफपीएस विचारतात, म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं येतात. 60 एफपीएस असेल तर प्रत्येक चित्र तयार करायला पीसीला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, 30 एफपीएसला 33.3. पण नुसता आकडा फसवतो. मेढा-सातारा मार्गावर तासाला सहा एसट्या आहेत असं समजा. दर दहा मिनिटांनी एक आली तर कुणाची तक्रार नसते. पण पाच गाड्या एकामागोमाग आल्या आणि नंतर पाऊण तास एकही नाही, तरी कागदावर तासाला सहाच. स्टँडवर उभ्या माणसाला विचारा मग! गेमचंही तेच आहे. कोपऱ्यात 45 एफपीएस दिसत असतात, पण मधलं एखादं चित्र 200 मिलिसेकंद घेतं आणि डोळ्याला तो झटका कळतो. जुन्या पीसीवर मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा हे झटके घालवणं जास्त महत्त्वाचं.

त्यासाठी आधी दमतंय कोण ते शोधायचं. प्रत्येक चित्रामागे दोघांचं काम असतं. प्रोसेसर ठरवतो की रस्त्यावर किती गाड्या आहेत, कोण कुठे चाललंय, धडक झाली तर काय होईल. ग्राफिक्स कार्ड ते सगळं रंगवून पडद्यावर लावतं. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो.

टेस्ट सोपी आहे. शहरातली एक गर्दीची जागा निवडा, तिथे गाडी चालवा आणि एफपीएस बघून ठेवा. मग ग्राफिक्समध्ये जाऊन रिझोल्यूशन 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 करा. बाकी कशाला हात लावू नका. त्याच रस्त्यावरून परत जा. पहिल्या रिझोल्यूशनला कार्डला दर चित्रात 20,73,600 ठिपके रंगवावे लागत होते, आता 9,21,600, म्हणजे निम्म्याहूनही कमी. एफपीएस चांगला वाढला तर दमत होतं ते ग्राफिक्स. जवळपास तेवढाच राहिला तर अडचण प्रोसेसरकडे आहे, आणि मग नवं कार्ड टाकूनही शहरातली ती अडखळ जाणार नाही. काकांना फोन करण्याआधी एवढी पाच मिनिटं घालवायला हरकत नाही. गेमच्या मेनूतच बेंचमार्कही दिलेला आहे. तो दर वेळी तीच दृश्यं चालवतो, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं नीट ताडून बघता येतं.

समजा ग्राफिक्स दमतंय. मग पहिला बळी एमएसएएचा. कडा गुळगुळीत करणारं हे सेटिंग जुन्या कार्डाचं कंबरडं मोडतं, ते सरळ बंद करा. त्याच्या जागी एफएक्सएए चालू ठेवा. चित्र किंचित मऊ दिसतं, पण त्याचा भार नगण्य असतो. शॅडो, रिफ्लेक्शन, पोस्ट एफएक्स हे सगळं नॉर्मलवर आणा. ॲडव्हान्स्ड ग्राफिक्सच्या पानावर जे काही आहे ते सगळं बंद. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र कमी करून फारसं काही हाती लागत नाही. त्याने दूरचा रस्ता स्पष्ट दिसतो आणि खर्च थोडाच येतो, त्यामुळे ते राहू द्या.

सगळ्यात गंमतीशीर सेटिंग आहे ग्रास क्वालिटी, म्हणजे गवत. शहरात खेळताना ते वाढवा की कमी करा, फरक कळतच नाही, कारण शहरात गवत आहेच कुठे? मेढ्याच्या बाजारपेठेत उभं राहून कासच्या पठाराचा अंदाज येत नाही, तसंच. पण गाडी घेऊन डोंगराकडे निघालात की पाती-पाती रंगवायला लागते आणि एफपीएस धाडकन खाली येतो. "शहरात चालतो, डोंगरात लॅग मारतो" अशी ज्यांची तक्रार असते, त्यांचा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच. नॉर्मल करून टाका.

टेक्स्चर क्वालिटीचं गणित वेगळं आहे. टेक्स्चर म्हणजे भिंतीवर, रस्त्यावर, कपड्यांवर चिकटवलेली चित्रं. ती कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये ठेवली जातात. ती तिथे मावतायत तोवर हाय ठेवलं काय आणि नॉर्मल ठेवलं काय, वेगात फार फरक पडत नाही. पण मेमरी भरली की उरलेलं पीसीच्या साध्या रॅममधून आणावं लागतं, तो रस्ता हळू आहे, आणि तेच ते अर्ध्या सेकंदाचे झटके. या गेमची चांगली गोष्ट ही की ग्राफिक्सच्या पानावर वर एक पट्टी असते, किती मेमरी आहे आणि किती लागणार ते दाखवणारी. ती पट्टी मर्यादेच्या आत राहील असं बघा. 1 जीबीचं कार्ड असेल तर टेक्स्चर नॉर्मलवरच ठेवावं लागतं. खाली "इग्नोर सजेस्टेड लिमिट्स" नावाचं बटण आहे, ते चालू करून मर्यादा ओलांडता येते. जुन्या पीसीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आता दुसरी बाजू, प्रोसेसर दमतोय. इथे पॉप्युलेशन डेन्सिटी आणि डिस्टन्स स्केलिंग या दोन पट्ट्या खाली आणायच्या. पहिलीने रस्त्यावरची माणसं-गाड्या कमी होतात, दुसरीने लांबच्या वस्तू साध्या रूपात दिसतात. शहर थोडं ओसाड वाटतं खरं, पण गाडी हातात राहते. सोबत मागे उघडी असलेली ब्राऊझरची वीस पानं बंद करा.

वेगळं कार्डच नाही, ऑनबोर्ड ग्राफिक्सवर चाललंय, अशांसाठी एक गोष्ट. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते पीसीची रॅमच वापरतं. 8 जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा 4-4 च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर मेमरीचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा मिळतो. कार्डापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

एवढं करूनही एफपीएस 35 ते 55 मध्ये हेलकावे खात असेल तर व्हीसिंकमध्ये "हाफ" नावाचा पर्याय आहे. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर तो गेमला 30 एफपीएसला बांधून ठेवतो. ऐकायला तोटा वाटतो, पण सारखा एका लयीत चालणारा 30 हा उड्या मारणाऱ्या 50 पेक्षा हाताला बरा लागतो. कन्सोलवर 2013 मध्ये सगळ्या जगाने हा गेम 30 च्याच हिशोबात खेळला होता.

आणि जास्त एफपीएस म्हणजे जास्त चांगलं, हेही प्रत्येक जुन्या गेमला लागू नाही. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर असतो. पोरं तो बंद करतात, गेम झकास पळतो, आणि मग सीजेला नीट पोहता येत नाही. कारण त्या गेममधल्या काही हालचाली फ्रेमच्या वेगाशी बांधलेल्या आहेत. तिथे लिमिटर चालूच ठेवायचा.

पहिली वीस मिनिटं गेम बरा चालतो आणि मग हळूहळू मरगळतो, अशी तक्रार असेल तर सेटिंग्जमध्ये शोधू नका. तो उष्णतेचा प्रकार आहे. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. दहा वर्षं ऑफिसात चाललेल्या डब्यात धुळीचा थर असतोच. पीसी बंद करून, वायर काढून, ब्रशने पंखा साफ करा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावूनच खेळावं. पावसात लाईट गेली आणि बॅटरीवर खेळत बसलात तर वेग निम्म्यावर आला तरी नवल नाही. बॅटरीवर लॅपटॉप मुद्दाम वीज वाचवत असतो.

शेवटचं, यूट्यूबवर "लो-एंड पीसी लॅग फिक्स" नावाने मिळणाऱ्या फाइल्सबद्दल. गेमची सगळी ग्राफिक्स सेटिंग्ज डॉक्युमेंट्समधल्या रॉकस्टार गेम्स फोल्डरात, जीटीए फाईव्हच्या आत, सेटिंग्ज डॉट एक्सएमएल या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ती नोटपॅडमध्येही उघडते. त्यामुळे लॅग घालवतो म्हणणाऱ्या झिपमध्ये डॉट ईएक्सई फाइल असेल आणि ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगत असेल, तर ती तशीच डिलीट करा. याच पीसीवर घरच्यांच्या बँकेचं आणि फॉर्मचं काम चालतं. सेटिंग्ज बदलता बदलता गेम उघडायचाच बंद झाला तर घाबरू नका. ती एक्सएमएल फाइल काढून टाका, पुढच्या वेळी गेम स्वतःच नवी तयार करतो.