हौसेची तीनचाकी : विकत घेण्यापूर्वी एक त्रिकोण काढा

तिवई कधी डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली मात्र बऱ्याचदा कागदाची घडी सारावी लागते. याचे कारण भूमितीत आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून (ते एका रेषेत नसतील तर) एक प्रतल जातेच; चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच याची खात्री नसते. म्हणूनच चुलीला तीन दगड पुरतात, कॅमेऱ्याच्या घोडीला तीन पाय असतात आणि आपल्याकडच्या जुन्या पांगुळगाड्याला तीन चाके असत.

यावरून कोणी म्हणेल, की तीन चाकांचे वाहन सर्वांत स्थिर असले पाहिजे. येथेच गफलत होते. न डुगडुगणे ही एक गोष्ट आणि न कलंडणे ही दुसरी. तिवई डुगडुगत नाही. पण तिच्या दोन पायांमधल्या कडेवर भार दिला तर ती टेबलापेक्षा लवकर कलंडते. हौसेने तीनचाकी घेऊ पाहणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा.

आपल्याला तीनचाकी म्हटले की रिक्षा आठवते. ती पोटापाण्याचे साधन आहे. परंतु केवळ फिरण्याच्या आनंदासाठी तीनचाकी घेणारे लोकही जगात पुष्कळ आहेत. तसे पाहिले तर मोटारगाडीचा आरंभच तीन चाकांवर झाला. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला पुढे एक आणि मागे दोन चाके होती. पुढची दोन चाके वळणावर नीट फिरवण्याची समाधानकारक योजना तेव्हा त्यांच्यापाशी नव्हती, म्हणून त्यांनी एकच चाक ठेवले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन अशाच गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर गेल्या.

इंग्लंडमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये आपली पहिली तीनचाकी बांधली. तिच्यात पुढे दोन आणि मागे एक चाक होते. तेथे हलक्या तीनचाकीला मोटारीऐवजी मोटरसायकलीचा कमी कर लागे. त्यासाठी वजन ८ हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे ४०६ किलोग्रॅमच्या आत असावे लागे. त्यामुळे या गाड्या खूप खपल्या. १९५२ मध्ये मॉर्गन कंपनीने तीनचाकी बंद केली. पण २०११ मध्ये ती पुन्हा आणली आणि २०२२ मध्ये ‘सुपर ३’ नावाने नवी आवृत्ती काढली. आता मात्र ती घेणारा कर वाचवण्यासाठी घेत नाही, हौसेसाठी घेतो. २००७ मध्ये कॅनडात निघालेली ‘कॅन-अॅम स्पायडर’ हीदेखील पुढे दोन चाके असलेली हौशी गाडीच आहे.

म्हणजे तीनचाकीचे दोन प्रकार झाले. एकटे चाक पुढे असलेली आणि एकटे चाक मागे असलेली. यांपैकी चांगली कोणती? उत्तर शोधण्यासाठी एक ओळंबा पुरेसा आहे.

समजा, गाडीच्या गुरुत्वमध्यापासून आपण जमिनीपर्यंत एक ओळंबा सोडला आहे. गाडी उभी असताना तो सरळ खाली लोंबतो आणि त्याचे टोक तीन चाकांच्या त्रिकोणात पडते. गाडी वळू लागली की ओळंबा वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतो. बसमध्ये उभे असताना आपण झुकतो तसाच. ब्रेक दाबला की तो पुढे झुकतो, वेग वाढवला की मागे. ओळंब्याचा रोख त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी चाकांवर राहील. त्रिकोणाची बाजू ओलांडली, की आतल्या बाजूचे चाक उचलले जाईल आणि गाडी कलंडू लागेल. तो किती सरकतो, याचा हिशेब सोपा आहे : गुरुत्वमध्याची उंची गुणिले गाडीचे त्वरण, भागिले गुरुत्वत्वरण.

आता आकडे घेऊ. जोडचाकांमधील रुंदी १.२ मीटर, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर आणि एकट्या चाकापासून त्याचे अंतर १.३ मीटर धरा. जोडचाकांपाशी त्रिकोणाची अर्धी रुंदी ०.६ मीटर आहे. पण गुरुत्वमध्याच्या जागी ती ०.६ × १.३ ÷ २, म्हणजे ०.३९ मीटरच भरते. ओळंब्याला बाजूला सरकायला एवढीच जागा! ०.३९ ला ०.६ ने भागले की ०.६५ येतात. म्हणजे वळणावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६५ पट झाले की ही गाडी कलंडेल. एवढ्याच रुंदीच्या व उंचीच्या चारचाकीत ही मर्यादा ०.६ ÷ ०.६, म्हणजे १ येते.

०.६५ आणि १ यांत जीवनमरणाचा फरक का आहे? कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. चारचाकी कलंडण्याच्या मर्यादेपर्यंत पोचण्यापूर्वीच तिची चाके घसरू लागतात. चालकाला सूचना मिळते आणि बहुधा सावरायला वेळही मिळतो. आपल्या तीनचाकीत मात्र टायर घट्ट पकड धरून असतानाच गाडी उलटते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर त्यासाठी ताशी सुमारे ४० किलोमीटरचा वेग पुरतो.

येथपर्यंत दोन्ही प्रकारांचा हिशेब सारखाच आहे. पण वळणावर घाबरून ब्रेक दाबला तर? समजा, ब्रेकमुळे गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट मंदन झाले. ओळंबा ०.२४ मीटर पुढे सरकेल. एकटे चाक पुढे असेल, तर त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. अर्धी रुंदी ०.३९ वरून सुमारे ०.३२ मीटरवर येते आणि मर्यादा ०.५३ वर घसरते. जोडचाके पुढे असतील, तर ओळंबा रुंद भागाकडे सरकतो. अर्धी रुंदी ०.४६ मीटर होते आणि मर्यादा ०.७७ वर चढते. म्हणजे तोच ब्रेक एका गाडीला उलटवतो, तर दुसरीला सावरतो! दुसऱ्या प्रकारात वळणावर जोराने वेग वाढवणे वाईट खरे. पण घाबरलेला माणूस सहसा ब्रेकच दाबतो.

मग रिक्षा कशी चालते? तिचे इंजिन मागच्या आसाजवळ आहे आणि प्रवासीही मागेच बसतात. त्यामुळे गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या रुंद भागात राहतो. चालकाशेजारी आणखी एकाला दाटीवाटीने बसवले, की तो पुढे सरकतो आणि एका बाजूलाही झुकतो. ही सवय किती धोक्याची आहे, हे आता तुम्हीच आकडेमोड करून सांगू शकाल.

हे गणित लक्षात न घेता केलेल्या हौसेची किंमत अमेरिकेने मोजली आहे. १९७० मध्ये होंडा कंपनीने तेथे फुगीर टायरांची, एकटे चाक पुढे असलेली छोटी तीनचाकी आणली. रानात, वाळूत, बर्फावर भटकण्यासाठी ती होती. पुढे इतर कंपन्यांनीही तशा गाड्या काढल्या आणि मुलांना त्या खेळण्यासारख्या वाटू लागल्या. गाडी आखूड, बसणारा उंचावर आणि त्याचे वजन गाडीच्या मानाने बरेच. म्हणजे गुरुत्वमध्य वर गेलेला. त्यातच मागची दोन्ही चाके एकाच ताठ आसावर बसवलेली, मध्ये डिफरन्शियल नाही. काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा किती जास्त अंतर कापावे लागते? चाकांमध्ये ०.८ मीटर अंतर असेल, तर सुमारे सव्वा मीटर. वळण मोठे असो वा लहान. ताठ आसाला हे जमत नाही. गाडी सरळच जाऊ पाहते आणि स्वाराला अंग झुकवून आतल्या चाकावरचा भार हलका करावा लागतो. नवख्याला हे कौशल्य नसते. तो सावरण्यासाठी पाय खाली टेकवी आणि मागचे चाक त्याच पायावरून जाई. १९८० नंतरच्या काही वर्षांत या प्रकारच्या वाहनांच्या अपघातांत शेकडो माणसे दगावली; त्यांत मुलेही बरीच होती. १९८८ मध्ये न्यायालयात झालेल्या तडजोडीनुसार प्रमुख कंपन्यांनी तेथे अशा नव्या तीनचाकींची विक्री थांबवली आणि २००८ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आली. जुन्या गाड्या मात्र हौशी लोकांत अजून हातोहात फिरतात.

उलट, एखाद्या गाडीची बदनामी सत्यापेक्षा मोठी असू शकते. १९७३ मध्ये इंग्लंडात निघालेल्या ‘रिलायंट रॉबिन’चे एकटे चाक पुढे होते. २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात ती वळणावळणाला उलटताना दाखवली गेली. लोक पोट धरून हसले. नंतर खुद्द सादरकर्त्यानेच लिहिले, की गाडी उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये मुद्दाम फेरफार केले होते. प्रयोग डोळ्यांनी पाहिला तरी मांडणी तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हा धडा येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने घ्यावा.

तेव्हा परवान्याचे वय झाल्यावर तुम्ही, किंवा आज तुमच्या घरातले कोणी, हौसेची तीनचाकी पाहायला गेलात, तर रंग आणि इंजिनाचा आवाज यांच्याआधी पुढील गोष्टी पाहा. जोडचाके पुढे आहेत का? त्यांच्यातील रुंदी किती? बसायची जागा जमिनीपासून किती उंच आणि जोडचाकांपासून किती दूर? (उंची ०.६ वरून ०.४ मीटरवर आली, तर आपल्या उदाहरणातली मर्यादा ०.६५ वरून जवळजवळ १ वर जाते.) शेजारी दुसरा माणूस बसला की भार कोठे सरकतो? मागे दोन चाके असतील, तर डिफरन्शियल आहे का? गाडी जुनी असेल, तर कोणी तिची उंची किंवा चाके बदलली आहेत का? आणि नोंदणीची कागदपत्रे गाडीशी जुळतात का?

हे सारे वर्गातही पडताळता येईल. पुठ्ठा, बाटल्यांची झाकणे आणि थोडी माती घेऊन तीनचाकीची प्रतिकृती करा. चाके फिरू नयेत म्हणून ती चिकटवून टाका. एका फळीवर खरकागद लावून प्रतिकृती आडवी ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. गाडी कलंडते त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची भागिले त्याखालचे क्षितिजसमांतर अंतर, हीच तिची मर्यादा. नंतर एकटे चाक उताराकडे सुमारे ३० अंश वळवून मोजा आणि मग जोडचाके उताराकडे तेवढीच वळवून मोजा. आपल्या उदाहरणातल्या मापांनुसार पहिला कोन सुमारे ३३ अंश, तर दुसरा सुमारे ४२ अंश यावा. प्रतिकृती कोणत्या दिशेला ठेवली असता ती सर्वांत लवकर कलंडते, हे शोधा आणि ती दिशा त्रिकोणाच्या बाजूशी कोणता कोन करते तेही मोजा. उत्तर मिळाले, की दुकानदाराने कितीही वर्णन केले तरी तीनचाकीची पारख करायला तुम्हाला एक मोजपट्टी पुरेल.