वहीतली गाणी आणि बुलबुल तरंग

आमच्या आयांच्या वह्यांत गाण्याचे शब्द पूर्ण आहेत. चालीपुढे मात्र एखाद्या जुन्या नाट्यपदाचे दोनच शब्द, आणि ते पद आता कोणालाच येत नाही. गेल्या मेहंदीला एक गाणे आम्हांला नुसते वाचावे लागले. फार वाईट वाटले.

म्हणून आता जुनी असोत की आम्ही घरी रचलेली, गाणी आम्ही मोबाइलवर भरून ठेवतो. साथीला बुलबुल तरंग. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी कळ दाबली की तारेची वाजती लांबी कमी होते आणि सूर चढतो. उजव्या हातात नखी. हे मूळ जपानी वाद्य, १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी बनवलेले ‘ताइशोगोतो’. आपल्या कीर्तनांत ते असे रुळले की परके वाटतच नाही! ठेक्याला पालथे पातेले नि चमचा. खाली टॉवेल घाला, म्हणजे खणखणाट कमी होतो.

फोन गाणारीपासून हातभर ठेवावा, बुलबुल तरंग त्याहून लांब. नाहीतर तारा शब्द गिळतात. मझगान आणि पंखा बंद. (ऑगस्टमध्ये हे सांगणे सोपे!) गाण्याआधी आपले नाव, मूळ गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकलात ते बोला. मध्येच चुकलात तरी पुसू नका.

त्या मेहंदीच्या गाण्याची निम्मी चाल दिमोनातल्या एका मावशींना आठवते म्हणे. शब्बाथ झाला की फोन घेऊन आम्ही त्यांच्याकडे निघणार आहोत.