गुणवत्ता आणि प्रवासखर्च

ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबरच स्क्वॉश या खेळासही प्रवेश देण्याचा निर्णय तेथे झाला. क्रिकेटची वार्ता सिंदेवाहीच्या चहाटपरीपर्यंत त्याच दिवशी पोहोचली असेल. स्क्वॉशची बहुधा पोहोचलीच नाही. त्यात नवल नाही. सुमारे 32 फूट लांब व 21 फूट रुंद अशा बंदिस्त खोलीत, समोरच्या भिंतीवर रबरी चेंडू मारीत दोघांनी खेळावयाचा हा खेळ कबड्डी-खोखोवर वाढलेल्या झाडीपट्टीतील विद्यार्थ्यास परका वाटावा, हे स्वाभाविकच आहे. तथापि या खेळातील व्यावसायिक खेळाडू पुढे कसा येतो आणि कोठे अडतो, हा प्रश्न मात्र धान पिकविणाऱ्या या मुलखास मुळीच परका नाही.

पऱ्हे, रोवणी, खत यांचा खर्च शेतकऱ्यास आषाढ-श्रावणात करावा लागतो. धान घरात येते ते दिवाळीच्या सुमारास, आणि तेही पावसाने साथ दिली तर. व्यावसायिक खेळाडूचे असेच असते. फरक इतकाच की, त्याचा आषाढ कित्येक वर्षे चालतो. स्क्वॉशमधील जागतिक क्रमवारी मागील 12 महिन्यांतील कामगिरीवरून ठरते. नवख्या खेळाडूस सुरुवात करावी लागते ती अगदी खालच्या स्पर्धांपासून. अशा स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कमच काही हजार डॉलरची असते, आणि ती सर्व सहभागी खेळाडूंत वाटली जाते. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती जे पडते, त्यातून विमानाचे परतीचे भाडेही सुटत नाही. निवास, भोजन, प्रशिक्षक आणि दुखापतीवरील उपचार हा खर्च वेगळाच. क्रमांकाशिवाय मोठ्या स्पर्धेत सहजी प्रवेश नाही. मोठ्या स्पर्धेवाचून पैसा नाही. आणि पैशावाचून क्रमांक नाही. महिन्याच्या अखेरीस पगार आणि निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधी यांची शाश्वती असलेल्या नोकरदारास या चक्राची भीषणता सहसा जाणवत नाही.

हे चक्र भेदले जाते कसे, याचा इतिहास मुंबईपासूनच सुरू होतो. 1944 मध्ये मुंबईत झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत पेशावरच्या हाशिम खान याने मुंबईचा व्यावसायिक खेळाडू अब्दुल बारी याचा पराभव केला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू वेचून देता देता हाशिम हा खेळ शिकला होता. पुढे 1950 मध्ये बारी इंग्लंडला गेला व ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. आपण ज्यास हरविले तो इतक्या उंचीवर जातो, मग आपण का नाही, असा प्रश्न हाशिमला पडला असल्यास नवल नाही. त्याच्याजवळ नव्हता तो केवळ प्रवासखर्च. तो पाकिस्तानच्या हवाई दलाच्या पाठबळामुळे उभा राहिला आणि 1951 मध्ये, पस्तिशी गाठल्यानंतर, त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. पुढे 1958 पर्यंत त्याने ही स्पर्धा एकूण सात वेळा जिंकली. त्याचे कौशल्य 1944 मध्येही होतेच. जगाला ते दिसण्यासाठी लागलेली सात वर्षे ही तिकिटाच्या अभावाची किंमत होती.

मुंबईच्याच अनिल नायर यांची वाट निराळी होती. 1965 मध्ये इंग्लंडमधील कनिष्ठ गटाचा ड्रायस्डेल चषक जिंकून ते हार्वर्ड विद्यापीठात शिकावयास गेले आणि 1969 व 1970 मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विजेते ठरले. तेथे विद्यापीठानेच खेळाचे अंगण पुरविले. म्हणजे एकास हवाई दल लाभले, दुसऱ्यास विद्यापीठ. केवळ गुणवत्तेच्या बळावर वर आलेला खेळाडू ही कल्पना ऐकावयास गोड आहे, इतकेच.

आजचे चित्र काही अंशी सुधारले आहे. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने सुवर्णपदक मिळविले, त्यात मुंबईचा महेश माणगावकर होता. 2023 मध्ये हांगझोऊ येथे पाकिस्तानला नमवून पुन्हा सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघातही तो होता. त्या अंतिम सामन्यात महेश पहिली लढत हरला. सौरव घोषालने बरोबरी साधली आणि अभय सिंगने पाच गेमच्या झुंजीत विजय खेचून आणला. यांतील घोषालने 2004 मध्ये ब्रिटिश ज्युनिअर ओपन जिंकली, परंतु जगातील पहिल्या दहांत तो आला 2019 मध्ये. कनिष्ठ विजेत्यालाही पंधरा वर्षे लागली! एवढा काळ तग धरण्याची ऐपत किती घरांत असेल?

आपल्या राज्यात शासकीय सेवेत क्रीडापटूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पदक मिळताच रोख पारितोषिके जाहीर होतात. हे सर्व योग्यच. परंतु ही मदत सुगीच्या वेळची आहे. रोवणीच्या वेळी जो एकटा पडतो, तो सुगीपर्यंत पोहोचतच नाही. आणि न पोहोचलेल्यांची नोंद कोणत्याही कागदावर होत नसते.

क्लबांत खेळल्या जाणाऱ्या खेळासाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा आक्षेप येथे घेतला जाईल, व तो अगदीच गैरलागू नाही. ज्या तालुक्यात शाळेचे मैदान नीट नसेल, तेथे स्क्वॉशचे कोर्ट बांधा असे कोणीही म्हणणार नाही. मुद्दा खेळाचा नसून मदतीच्या वेळेचा आहे. त्याचे प्रमाण शोधण्यास चंद्रपूर जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात आदिवासी विकास विभाग व जिल्हा प्रशासन यांनी आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांची निवड केली, त्यांना प्रशिक्षण दिले, खर्च उचलला. आणि मे 2018 मध्ये त्यांतील पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. गिर्यारोहण हाही सामान्यांच्या ऐपतीबाहेरचाच छंद. येथे मात्र पैसा शिखरावर नव्हे, पायथ्याशी दिला गेला.

2028 साली लॉस एंजेलिसमध्ये एखाद्या भारतीय खेळाडूने स्क्वॉशचे पदक जिंकले, तर सत्कार होतील, हारतुरे होतील. ते अवश्य व्हावेत. परंतु त्या दिवशी कोणत्याही शासनास विचारण्याजोगा खरा प्रश्न निराळा असेल: या खेळाडूच्या पहिल्या तिकिटाचे पैसे कोणी दिले होते?