शिंपल्यांची वर्गवारी

माँटेसरी साहित्यात एक गुलाबी मनोरा असतो. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा लाकडी ठोकळे मोठ्यावर छोटा असे रचत जायचे. एक जरी जागा चुकली तरी मुलाच्या डोळ्यांना खटकतं, बाईंना सांगावं लागत नाही. कल्पना सुरेखच, पण असं साहित्य नेमक्या मापाचं आणि नेटक्या सुतारकामाचं लागतं, त्यामुळे ते महाग पडतं.

ताराबाई मोडकांना हे साहित्य चांगलं माहीत होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा खेड्यातल्या मुलांसाठी हे सगळं आणायचं कुठून, हा प्रश्न होता. उत्तर आसपासच होतं. समुद्रावर शंख-शिंपले, झाडांखाली चिंचोके आणि पानं, पायाखाली खडे आणि माती.

याला काटकसर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ठोकळ्यांचा क्रम एकच असतो. मूठभर शिंपले समोर ओतले तर आधी ठरवावं लागतं की ते लावायचे कशावरून. रंगावरून, आकारावरून, की पाठीवरच्या रेघांवरून? एक मूल पांढरे वेगळे काढतं, शेजारचं खरखरीत आणि गुळगुळीत अशा दोन राशी करतं, आणि दोघंही बरोबर असतात. वर्गीकरणाचा निकष स्वतः शोधणं हे विज्ञानाचं पहिलं काम, आणि ते साडेतीन वर्षांच्या मुलाला जमतं.

बोर्डीपासूनच अनुताई वाघ ताराबाईंबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं आणि अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही ताराबाईंची अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्या. कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरली बहीण घरी राहते, ही अडचण दोघींनी जवळून पाहिली होती.

अशा वर्गात काय घडू शकतं, ते एका घमेल्यातल्या पाण्यावर पाहता येतं. कुठल्याही बालवाडीत करून बघा. न सोललेला नारळ आणि लहानसा खडा मुलांपुढे ठेवा. पाण्यात टाकण्याआधी विचारा, बुडेल कोण? बहुतेक जण नारळाकडे बोट दाखवतात. नारळ तरंगतो, खडा तळाला जातो. मग स्टीलची वाटी आणि स्टीलचाच चमचा घ्या. वाटी अलगद ठेवली तर तरंगते, चमचा बुडतो. धातू तोच, मग असं का? इथे बाईंनी उत्तर देण्याची घाई करू नये. कुणीतरी वाटीत पाणी भरून बघेल, कुणी ती आडवी करून सोडेल. खोलगट असण्याशी काहीतरी संबंध आहे, एवढं त्यांच्या हाताला कळलं तरी पुरे. घनता हा शब्द नंतर येईल.

हळदीचंही तसंच. हळद कालवलेल्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने चित्र काढायचं. पिवळ्यावर तांबड्या रेघा उमटतात. त्यांवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं! चित्रकलेचा तास आणि विज्ञानाचा तास इथे वेगळे काढताच येत नाहीत. मात्र साबणाऐवजी चुना मुलांच्या हाती नको, डोळ्यांत गेला तर इजा होते. आणि वर्गवारीसाठी ठेवलेल्या बियांच्या डब्यात गुंजा तर नकोतच. दिसायला सुंदर, पण चावून पोटात गेली तर विषारी.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. त्याबरोबर सेविकेच्या अंगावर पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचा पाठपुरावा आणि सर्वेक्षणंही आली. ही कामं आवश्यक आहेतच, पण घमेलं भरायचं, मुलांचे अंदाज ऐकायचे आणि उत्तर लगेच न देता थांबायचं, याला निवांतपणा लागतो आणि तयारीही लागते. बोर्डी-कोसबाडला बालसेविका घडवण्यावर भर होता, तो याचसाठी. प्लास्टिकच्या खेळण्यांची पेटी विकत घेऊन देणं त्या मानाने सोपं. सेविकेच्या हाताखाली आणखी एक माणूस आणि दिवसातला तासभर बिननोंदींचा वेळ, एवढं आधी द्यायला हवं.