इम्प्लांट काढल्यानंतरचे रूप

स्तनांचा विषय निघाला की आपल्याकडे माणसे घसा खाकरतात आणि बोलणे दुसरीकडे वळवितात. परिणामी जिला खरी माहिती हवी असते तिच्या वाट्याला जाहिराती आणि ऐकीव गोष्टी येतात. म्हणून आजचा प्रश्न आम्ही सरळच मांडतो: स्तनांत बसविलेले इम्प्लांट काढून टाकले, तर पुढे छाती दिसते कशी? हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा आहे असे कोणी समजू नये. फाटलेले इम्प्लांट अंगात घेऊन एखादी स्त्री शस्त्रक्रिया लांबणीवर टाकीत असेल, तर त्यामागे ‘नंतर मी कशी दिसेन’ ही धास्ती कित्येकदा असते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी सिलिकोन जेलने भरलेल्या पिशव्या पहिल्यांदा एका स्त्रीच्या स्तनांत बसविल्या. पुढे मिठाच्या पाण्याने भरलेल्या पिशव्याही आल्या. यांपैकी कोणतीही पिशवी जन्मभर टिकेल असे धरून चालत नाही. ती फाटते, भोवतालचे आवरण घट्ट होऊन दुखू लागते, किंवा त्या स्त्रीलाच ती नकोशी होते. कधी कारण बाहेरून येते. फ्रान्समधील ‘पीआयपी’ कंपनीने औद्योगिक वापराचे सिलिकोन भरल्याचे उघडकीस आल्यावर, २०११ च्या डिसेंबरात तेथील सरकारने सुमारे ३०,००० स्त्रियांना ती इम्प्लांटे काढून घेण्याचा सल्ला दिला. २०१९ साली खरबरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांटे एका दुर्मिळ लिम्फोमाच्या धोक्यामुळे बाजारातून परत घेण्यात आली. मात्र ज्यांना काही त्रास नाही त्यांनी ती काढलीच पाहिजेत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. इम्प्लांट स्तनग्रंथीच्या मागे किंवा छातीच्या स्नायूच्या मागे बसवितात. शरीर या परक्या वस्तूभोवती व्रणपेशींचे एक आवरण विणते. इकडे वर्षानुवर्षांच्या दाबाने स्त्रीची स्वतःची ग्रंथी व चरबी पातळ होते, आणि वजनाने त्वचा ताणली जाते. उशीतला कापूस काढला की अभ्रा सैल पडतो, तसेच येथे होते. फरक इतकाच की अभ्रा निर्जीव, तर त्वचा जिवंत आहे. ती हळूहळू आकसते. किती आकसेल हे वय, त्वचेचा लवचिकपणा, इम्प्लांटचा आकार, ते किती वर्षे होते, मधल्या काळातील बाळंतपणे, वजनातील चढउतार आणि धूम्रपान यांवर अवलंबून असते. म्हणून लहान इम्प्लांट आणि चांगली त्वचा असलेल्या स्त्रीला पुढे काहीच करावे लागत नाही असे पुष्कळदा घडते, तर मोठे इम्प्लांट दीर्घकाळ वागविलेल्या स्त्रीचे स्तन ओघळलेले दिसू शकतात.

पहिल्या आठवड्यात आरशात जे दिसते ते अंतिम रूप नव्हे. तेव्हा सूज असते, निळे-काळे डाग असतात. वरचा भाग सपाट किंवा खोलगट, त्वचा सुरकुतलेली आणि स्तनाग्रे खाली झुकलेली किंवा आत ओढलेली दिसू शकतात. काही वेळा पाणी वाहून जाण्यासाठी नळी ठेवलेली असते. पुढील आठवड्यांत सूज उतरते, तशी स्तनांची भरणी आणखी कमी भासते. मग दबलेली ग्रंथी थोडी सैलावते, त्वचा आकसते, आणि काही महिन्यांनी आकार स्थिरावतो. व्रण आधी लाल असतो. तो फिकट होण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मूळचा उजव्या-डाव्यातील फरक, जो इम्प्लांटने झाकला होता, तो पुन्हा दिसू लागतो. इम्प्लांट स्नायूमागे असेल, तर हात आवळताना छातीवर उमटणारी विचित्र हालचाल बहुधा कमी होते. मात्र एक बाजू एकाएकी सुजली, लाल झाली किंवा ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

सैलपणा सलत असेल तर उपाय आहेत. स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी करता येते, पण तिचे व्रण स्तनाग्राभोवती व खाली वाढतात. रक्तपुरवठ्याची काळजी वाटल्यास शल्यविशारद ती काही महिन्यांनी करतात. पोटाची किंवा मांडीची चरबी भरता येते. तिचा काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून ती पुन्हा भरावी लागू शकते. मिठाच्या पाण्याची पिशवी असेल, तर ती आधी सुईने रिकामी करून काही आठवडे थांबता येते. मग उचलण्याची गरज आहे की नाही हे डोळ्यांनीच दिसते.

कर्करोगामुळे स्तन काढून तेथे इम्प्लांट बसविलेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. तिथे ग्रंथी उरलेली नसते. म्हणून इम्प्लांट काढल्यावर छाती सपाट होते, आणि किरणोपचार झाले असतील तर त्वचा ताठर असते. पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींनी नवा स्तन घडविणे, कपड्यांच्या आत बाहेरून कृत्रिम स्तन वापरणे, किंवा सपाट छाती नीटनेटकी शिवून घेणे, हे तिन्ही मार्ग सन्मानाचे आहेत.

तेव्हा ‘अगदी पहिल्यासारखे होईल’ असे वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि ‘सगळे बिघडेल’ म्हणणाऱ्यावरही ठेवू नये. इम्प्लांट बसविण्यापूर्वीचे छायाचित्र डॉक्टरांना दाखवावे, पण मधली वर्षे त्यात नाहीत हे ध्यानी ठेवावे. आपल्यासारख्याच वयाच्या व बांध्याच्या रुग्णांची सहा महिन्यांनंतरची छायाचित्रे पाहावयास मागावीत. आवरण किती काढणार, व्रण कोठे येणार, वाट पाहिली तर काय बिघडेल, हे विचारावे.

शेवटी एक विनंती घरच्या मंडळींना, विशेषतः पतिराजांना. पट्टी निघाली त्या दिवशी आपण काय बोलता हे ती स्त्री पुढे पुष्कळ वर्षे विसरणार नाही. त्वचेला आकसण्यास महिने लागतात. तेवढे महिने आपणही धीर धरावा.