टाकसाळीची पावती आणि राजाचा शब्द

1640 च्या उन्हाळ्यात लंडनच्या टॉवरमधल्या टाकसाळीत सुमारे 1,30,000 पौंड किमतीची चांदी होती. काही चांदी नाणी होऊन बाहेर पडण्याच्या बेतात होती, काही अजून लगडींत होती. त्यातली एकही लगड राजाची नव्हती. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने ती जागच्या जागी अडकवली आणि व्यापाऱ्यांच्या हाती उरल्या पावत्या.

इतकी परकी चांदी लंडनला येत होती त्याचे कारण स्पेनचे युद्ध. फ्लँडर्समधल्या स्पॅनिश फौजेचा पगार चांदीत जायचा आणि समुद्रावर डच आरमार टपलेले असायचे. 1630 मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांच्यात तह झाल्यावर स्पेनने सोयीची वाट काढली. चांदी इंग्रजी जहाजांतून डोव्हरला उतरवायची, त्यातली मोठी वाटणी लंडनच्या टाकसाळीत नाणी पाडायला द्यायची आणि फौजेचे पैसे हुंड्यांनी अँटवर्पला पोचते करायचे. चार्ल्सला टाकसाळीचे उत्पन्न मिळे, लंडनच्या सावकारांना हुंडणावळ. हा सगळा व्यवहार एका समजुतीवर उभा होता: टाकसाळीत टाकलेली चांदी टाकणाऱ्याचीच राहते.

ती समजूत रोजच्या कामातून तयार झालेली होती. व्यापारी लगडी घेऊन आला की अधिकाऱ्यांसमोर तराजू लागे. वजन झाले की कस लावायचा. ठरीव कसाच्या एका ट्रॉय पौंड चांदीतून 62 शिलिंग पाडत. त्यातून घडणावळ आणि राजाचा हिस्सा वजा करून बाकी व्यापाऱ्याची. नाणी हातोड्याने ठोकायची असत, त्यामुळे दिवस जात. मधल्या काळात व्यापाऱ्याजवळ असे ते एवढेच, टाकसाळीने लिहून दिलेले कागदाचे चिटोरे. त्यावर वजन आणि किंमत होती, म्हणून रकमेबद्दल कुणालाच शंका नव्हती. पुढच्या साठ वर्षांची कहाणी वाचताना हे ध्यानात ठेवावे. यातल्या एकाही भांडणात आकडा वादाचा नव्हता. पैसे मागायचे कुणाकडे आणि त्याला द्यायला लावणार कोण, एवढाच काय तो वाद.

चार्ल्सची अडचण उघड होती. स्कॉटलंडशी युद्ध तोंडावर होते. अकरा वर्षांनी बोलावलेल्या पार्लमेंटने पैसे द्यायला नकार दिल्यावर त्याने ती 5 मे 1640 रोजी तीन आठवड्यांत मोडली. लंडन शहराकडे 2,00,000 पौंडांचे कर्ज मागितले. आपापल्या वॉर्डातल्या धनवानांची यादी करून द्यायला चार आल्डरमननी, म्हणजे नगरपित्यांनी, नकार दिला, तर त्यांना तुरुंगात टाकले. सगळीकडे हात पसरून झाल्यावर त्याची नजर स्वतःच्याच टॉवरवर गेली.

बोभाटा झाला. लंडनचे व्यापारी तर धावलेच, पण परदेशी मालकांची चांदीही अडकली होती. टाकसाळीची पत गेली तर हुंड्यांचे जाळे तुटेल, जहाजे ॲमस्टरडॅमकडे वळतील, हे दरबारात समजणारी माणसे होती. शेवटी तडजोड झाली. व्यापाऱ्यांनी आपल्याच चांदीतला साधारण तिसरा हिस्सा, 40,000 पौंड, राजाला 8 टक्के व्याजाने कर्जाऊ द्यायचा आणि जकातीच्या मक्तेदारांनी त्याला हमी राहायचे, या अटीवर उरलेली चांदी मोकळी झाली. म्हणजे जप्तीचे रूपांतर कर्जात झाले. कागदावर सगळे सुरळीत. व्यवहार व्यापाऱ्यांनी राजीखुशीने केला असे म्हणायलाही जागा. पण ज्याच्या गळ्याला फास आहे त्याची राजीखुशी किती धरायची? हमीदारांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे: पुढच्याच वर्षी नव्या पार्लमेंटने याच मक्तेदारांकडून बेकायदा जकात वसूल केल्याबद्दल 1,50,000 पौंड उकळले.

त्याच उन्हाळ्यात राजाने आणखी दोन डाव टाकून पाहिले. एक, शिलिंगमध्ये चौथाईच चांदी ठेवून हिणकस नाणी पाडायची. सर थॉमस रो याने सल्लागार मंडळात त्याविरुद्ध बाजू मांडली आणि बेत बारगळला. हा रो आपल्याकडे जहांगीरच्या दरबारातला इंग्रज वकील म्हणून ठाऊक असतो. दुसरा डाव मिरीचा. ऑगस्टमध्ये राजाने ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीतली 6,07,522 पौंड वजनाची मिरी उधारीवर घेतली, पौंडाला 2 शिलिंग 1 पेनी भावाने, आणि लगेच 1 शिलिंग 8 पेन्सने रोखीत विकली. कंपनीला देणे झाले 63,283 पौंडांचे, राजाच्या हाती आले 50,626. साडेबारा हजारांवर तोटा सोसून रोकड उभी करण्याचा हा उद्योग पाहिला की टाकसाळीची चांदी का अडकवली ते वेगळे सांगावे लागत नाही. कंपनीला सहा-सहा महिन्यांच्या वायद्याचे रोखे मिळाले, हमीदार पुन्हा जकातवाले. ठरल्या वेळी हप्ते आले नाहीत, आणि कंपनी अर्ज करत बसली.

इथून इतिहासाची पुस्तके एक सरळ गोष्ट सांगतात: 1640 मध्ये टाकसाळीवरचा विश्वास उडाला, व्यापाऱ्यांनी पैसा सोनारांकडे ठेवला आणि त्यातून इंग्रजी बँका जन्मल्या. गोष्ट वाचायला छान आहे, पण जरा जास्तच नीटस. चांदी थोड्याच काळात सुटली होती आणि यादवी युद्धाच्या काळातही टाकसाळीत स्पॅनिश चांदी येतच होती. सोनारांच्या पेढ्या फोफावल्या त्या यादवीच्या बेबंदशाहीत, ठेवीवर मिळणाऱ्या व्याजामुळे आणि हातोहात फिरणाऱ्या त्यांच्या चिठ्ठ्यांमुळे. टाकसाळीच्या जप्तीने धक्का दिला हे खरे, पण माणसे पेढीवर गेली ती मुख्यतः सोयीसाठी.

धक्क्याची खूण उमटली ती कायद्यात, आणि तीही 26 वर्षांनी. 1666 मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या पार्लमेंटने नाणी पाडण्याला उत्तेजन देणारा कायदा केला. घडणावळ माफ झाली आणि तिचा खर्च दारूवरच्या आयातकरातून भागवायचे ठरले. मला त्या कायद्यातली दोन कलमे अधिक मोलाची वाटतात. एक असे की चांदी किंवा सोने आणणाऱ्याला टाकसाळीच्या प्रमुखाने सही करून पावती द्यावी. तीवर वजन, कस, किंमत, आणल्याचा दिवस आणि क्रम असावा. नाणी त्याच क्रमाने द्यावीत, वशिल्याने कुणाला पुढे काढू नये. दुसरे असे की टाकसाळीत आलेला माल युद्ध, बदल्याची जप्ती किंवा अन्य कोणत्याही कारणाने अडकवता येणार नाही. बापाने केले ते मुलाला करता येऊ नये, असाच बंदोबस्त.

मुलाने टाकसाळीला हात लावला नाही. त्याने शेजारचे दार धरले.

ते दार म्हणजे एक्सचेकर, राजाचा खजिना. तिथली पावती कागदाची नव्हती, लाकडाची होती. हेझलच्या काठीवर आडव्या खाचा पाडत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक फाळ पैसे देणाऱ्याला, दुसरा खजिन्यात. पुढे दोन्ही जुळवून पाहिले की खोटेपणाला वाव नाही. 1665 मध्ये खजिन्यातला अधिकारी सर जॉर्ज डाउनिंग याच्या खटपटीने या काठीला छापील आदेशाची जोड मिळाली. खजिन्याला कर्ज देणाऱ्याला क्रमांक घातलेला आदेश मिळू लागला; कराचा पैसा येईल तसतसे क्रमाने चुकते करायचे आणि आदेश दुसऱ्याच्या नावे करता यायचा. पेशवाईत महालाच्या उत्पन्नावर वराती काढत, त्याच जातीचा हा कागद. डाउनिंगला वाटले होते की सामान्य लोक थेट राजाला कर्ज देतील आणि सोनार बाजूला पडतील. झाले उलटे. सोनारांनी लोकांच्या ठेवी 6 टक्क्यांनी घेतल्या आणि आदेश भराभर विकत घेतले. राजाकडून त्यांना 10 टक्क्यांपर्यंत सुटे.

जानेवारी 1672 मध्ये डचांशी युद्धाची तयारी चालू असताना मंत्री क्लिफर्डच्या सल्ल्याने दुसऱ्या चार्ल्सने या आदेशांचे पैसे देणे थांबवले. आधी एका वर्षापुरते, मग आणखी मुदतवाढ. थकलेल्या रकमेवर 6 टक्के व्याज देण्याचे वचन तेवढे दिले. सगळ्यांत मोठा फटका सोनार सर रॉबर्ट वायनरला: 4,16,724 पौंड. याच वायनरने चार्ल्सच्या राज्याभिषेकाचे मुकुट आणि राजचिन्हे घडवली होती आणि त्याचे बिल 30,000 पौंडांच्या वर गेले होते. एडवर्ड बॅकवेलचे अडकले 2,95,994. बॅकवेलच्या खातेवह्या आजही टिकून आहेत आणि रोजनिशीकार सॅम्युएल पेप्सची त्याच्या दुकानी ये-जा असे. पैसे अर्थातच या दोघांचे एकट्यांचे नव्हते. त्यांच्यामागे ठेवीदारांची रांग होती.

1672 हे साल आपल्यालाही परके नाही. दुसऱ्या चार्ल्सला लग्नात आंदण मिळालेली मुंबई त्याने 27 मार्च 1668 रोजी वर्षाला 10 पौंड खंडाने कंपनीला दिली होती आणि त्याच सुमारास कंपनीकडून 50,000 पौंड 6 टक्क्यांनी उचलले होते. तिकडे खजिना बंद पडला त्याच वर्षी इकडे कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने मुंबईत टाकसाळ सुरू केली. सोन्याच्या नाण्याला कॅरोलिना, चांदीच्याला अँग्लिना, तांब्याच्याला कॉपरून आणि कथलाच्याला टिनी अशी नावे दिली. ही नाणी स्वराज्यात चालावीत अशी मागणी 1674 मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन याने रायगडावर केली. शिवाजी महाराजांच्या दरबाराचे उत्तर मासलेवाईक आहे. आम्ही कोणाच्याही नाण्याला मनाई करत नाही, पण नुकसान सोसून एखादे नाणे घ्या अशी सक्तीही रयतेवर करणार नाही. तुमचे नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या तोडीचे असेल तर ते आपोआप चालेल, असा त्याचा आशय. त्याच बोलण्यांत राजापूरच्या वखारीच्या लुटीची जुनी भरपाईही 10,000 होनांवर तुटली. ती रोख द्यायची नव्हती. काही मालातून आणि काही जकातीच्या सुटीतून वळती करायची होती. लंडन असो की रायगड, जुन्या देण्याचा निकाल रोखीत लागण्याची चाल तेव्हा कुठेच दिसत नाही.

लंडनच्या सोनारांना 1677 मध्ये नवा कागद मिळाला. एकूण देणे 13,28,526 पौंड ठरले आणि त्यावर 6 टक्क्यांनी वर्षाला सुमारे 79,700 पौंड वंशपरंपरागत अबकारीच्या उत्पन्नातून द्यायचे, असा फर्मानी ठराव झाला. 1683 पर्यंत पैसे आले, मग थांबले. बॅकवेलचे दिवाळे निघाले आणि 1683 मध्येच तो वारला. 1684 मध्ये वायनरचेही निघाले. दुसरा जेम्स आला नि गेला, त्याने काही दिले नाही. विल्यम आणि मेरी गादीवर आल्यावर सोनार आणि त्यांचे वारसदार एक्सचेकरच्या न्यायाधीशांपुढे उभे राहिले. किंग विरुद्ध हॉर्न्बी, म्हणजेच ‘बँकर्स केस’, ती ही.

सरकारी वकिलांनी रकमेला हरकत घेतली नाही. त्यांचे म्हणणे दोन बाबींवर होते. राजाला आपल्या हयातीपलीकडचे उत्पन्न असे बांधून देता येते का? आणि येत असले, तरी खजिन्याला पैसे द्यायला भाग पाडण्याचा अधिकार या न्यायालयाला आहे का, की राजाकडेच अर्ज घेऊन जावे लागेल? पहिल्या फेरीत सोनार जिंकले. वरच्या फेरीत सरन्यायाधीश होल्टसकट बहुसंख्य न्यायाधीश त्यांच्याच बाजूचे होते. पण निकाल देण्याचा अधिकार लॉर्ड कीपर जॉन सॉमर्सचा. न्यायाधीशांचे मत हा नुसता सल्ला आहे असे म्हणत 1696 मध्ये त्याने निर्णय फिरवला. या एका निकालासाठी जुने दफ्तर आणि ग्रंथ जमवायला त्याने पदरचे काहीशे पौंड खर्चले म्हणतात. पांडित्य निर्विवाद होते, पण सोय कोणाची झाली? फ्रान्सशी लढून खंक झालेल्या खजिन्याची. त्याच वर्षी झिजलेली, कातरलेली नाणी वितळवून नवी पाडण्याचे प्रचंड काम टॉवरमध्ये चालू होते आणि न्यूटन तिथे वॉर्डन म्हणून रुजू झाला होता.

जानेवारी 1700 मध्ये उमरावांच्या सभेने सॉमर्सचा निकाल उलटवला. सोनार जिंकले, पण तेवढ्याने खजिन्याची पेटी उघडली नाही, कारण ती उघडायला आता पार्लमेंटची मंजुरी लागत होती. 1701 मध्ये पार्लमेंटने सौदा केला: डिसेंबर 1705 पासून मूळ रकमेवर 3 टक्के व्याज द्यायचे आणि पुढे कधीही निम्मी रक्कम, 6,64,263 पौंड, टाकून कर्जातून मोकळे व्हायचे. मधल्या बावीस वर्षांच्या व्याजाचा प्रश्नच मिटवला. कायद्याने जिंकलेला दावा रुपयाला आठ आण्यांवर मिटला. तोवर मूळ सोनार दिवंगत झाले होते आणि बरेच कागद कितीतरी हात बदलून गेले होते. आशा सोडून बसलेल्या ठेवीदाराने जो कागद मातीमोल भावाने विकला, त्याचे निम्मे पैसे तो धरून बसलेल्या खरीददाराला मिळाले. ही निम्मी रक्कमसुद्धा लगेच फेडली गेली नाही. ती इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जात धरली गेली आणि तिच्यावर वर्षाला 39,855 पौंड व्याज चालू झाले.