नवं कोरं सोलर पॅनल पहिल्याच वर्षी का उतरतं?

आमच्या खारघरच्या सोसायटीत गच्चीवर १० किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरलं. मी सॉफ्टवेअरवाली असले तरी "तू इंजिनिअर ना गं?" म्हणत कोटेशन वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वॉरंटीत लिहिलं होतं: पहिल्या वर्षी क्षमता २% घटेल, नंतर दरवर्षी ०.५५%. शेजारचे काका म्हणाले, "नवा माल पहिल्याच वर्षी जास्त उतरतो? मग तो खराबच असणार!"

माल खराब नसतो. मग होतं काय, ते बघूया.

उन्हामुळेच घट

प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते सेलवरच्या धातूच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचले तर वीज मिळते, वाटेत अडकले तर नुसती उष्णता. पी-टाइप सेलमध्ये वर्षानुवर्षं बोरॉन मिसळत आले. शिवाय सिलिकॉन क्वार्ट्झच्या भांड्यात वितळवतात, तिथून ऑक्सिजन शिरतो. ऊन लागलं की बोरॉन आणि ऑक्सिजन मिळून इलेक्ट्रॉन अडवणारे दोष तयार करतात. ही घट पहिल्या काही तासांत-दिवसांत होते आणि मग थांबते. म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा मोठा.

मग बोरॉन घातलंच कशाला?

उत्तर अवकाशात आहे. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ पासून उपग्रहांवर सिलिकॉन सेल बसू लागले. तिथे वेगवान इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन आदळतात आणि सिलिकॉनचे अणू चक्क जागेवरून उडवतात. साध्या उन्हात तेवढी ताकद नसते. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने अवकाशात केलेल्या स्टारफिश प्राइम अणुचाचणीनंतर तर काही उपग्रहांचे सेल भराभर कमजोर झाले. पी-टाइप सिलिकॉन हा मारा जास्त सोसतं, हे तोवर कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी उडालेल्या टेलस्टार-१ वर तसेच सेल होते. पुढे जमिनीवरच्या उद्योगानेही बराच काळ पी-टाइपचीच वाट धरली.

गंमत बघा, खारघरच्या गच्चीला पृथ्वीचं वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र यांचं कवच आहे. त्या गुणाचा आपल्याला उपयोग नाही, बोरॉनचा त्रास मात्र आहे!

कोटेशनमध्ये काय बघायचं?

पॅनल पी-टाइप असेल तर त्यात बोरॉनऐवजी गॅलियम आहे का, ते विचारा. गॅलियम असेल तर बोरॉन-ऑक्सिजनचा हा त्रास टळतो. एन-टाइप टॉपकॉन पॅनलमध्ये फॉस्फरस असतो. त्यांची वॉरंटी साधारण पहिल्या वर्षी १%, पुढे ०.४% अशी असते.

२५ वर्षांनी पहिल्या पॅनलची हमी ८४.८% उरते, दुसऱ्याची ८९.४%. आमच्या १० किलोवॉटमध्ये हा फरक जवळजवळ अर्ध्या किलोवॉटचा.

काकांना हा हिशोब पटला. "पण गच्चीवरची धूळ कोण पुसणार?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. तोही रास्तच आहे, कारण पॅनल पुसलंच नाही तर धुळीपायी याहून जास्त वीज जाऊ शकते. मीटिंगमध्ये दोन गोष्टी ठरल्या: दोन्ही प्रकारांचे भाव लेखी मागवायचे आणि पॅनल धुण्यासाठी गच्चीवर नळ घ्यायचा.